वाकड्या मानेची काडतुसं

लुइसटाउन, मॉन्टाना
४ मे १९८९

तीर्थरूप आजोबांस,
टर्झाचा सा. न. वि. वि.

डोळे गेले, नेम लागत नाही म्हणून शनिवारी रायफल विकताय, हे तुमच्या पत्रातून कळलं. कृपा करून थांबा. चूक डोळ्यांची नसावी, माझी असावी.

तुमचे हात थरथरू लागले तेव्हापासून, दोन वर्षं, तुमची काडतुसं मीच भरते आहे. परवा भरलेली काडतुसं मापाच्या काट्याखाली गोल फिरवून पाहिली. काटा इंचाचे सहा हजारांश हलत होता, म्हणजे गोळी तिरकी बसलेली, आणि तिरकी गोळी भरकटणारच. गोळी बसवतानाच चुकतंय असं वाटलं, म्हणून रिकाम्या पितळी नळ्याही फिरवल्या. झाडून फुगलेल्या नळ्या पुन्हा मापात आणायच्या साच्यात घालण्याआधी सरळ, बाहेर काढल्यावर वाकड्या! नळीची मान, म्हणजे गोळी बसते ते अरुंद तोंड, रुंद करणारी साच्यातली गुंडी कोरड्या मानेतून ओढली जाताना मानच वाकवत होती. ती कोरडी, कारण तेलाने दारू खराब होईल या भीतीने आतून तेल लावणं मीच बंद केलं. तुम्हाला विचारलंही नाही.

आता ग्राफाइटची कोरडी पूड लावते. काटा जेमतेम एक हजारांश हलतो. अशी वीस काडतुसं आणि हे पत्र वेस्लीमामाबरोबर देते आहे. आई म्हणते, शाळा घरीच झाली म्हणून ही पोरगी छडीसुद्धा स्वतःच मारून घेते.

रागवा, पण माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
टर्झा


जॉर्डन
८ मे १९८९

चि. टर्झास,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षं मी डोळ्यांना शिव्या घालतोय, आणि चोर निघाली माझीच नात! आजी हसून हसून खुर्चीत बसली.

शुक्रवारी रायफल नेहमीसारखी वाळूच्या पिशवीवर टेकवून तीनशे यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. अलीकडे त्या बशीएवढ्या जागेत विखुरायच्या, आता कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. माझ्या चांगल्या दिवसांत अंड्याएवढ्या जागेत बसायच्या. तो उरलेला फरक मात्र डोळ्यांचाच. तो उगाच स्वतःच्या नावावर घेऊ नकोस. आजी कधीची डॉक्टरकडे चल म्हणते आहे. मी टाळत होतो, कारण सगळंच गेलं हे कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आता थोडंच गेलंय म्हटल्यावर धीर आला. गुरुवारी माइल्स सिटीला डोळे दाखवायला जातोय.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, कॉफी प्यालं, रिकाम्या हाताने गेलं. जूनच्या स्पर्धेत नाव दिलंय. चाळीस काडतुसं भर, आणि या खेपेला सोबत माफी पाठवू नकोस.

आजीचे पापे. लोभ आहेच, तो मापायला काटा लागत नाही.

तुझा,
ऑर्विल आजोबा