तुझ्या गुलाबाचा वास

प्रिय मिलिंद,

आज सकाळी वॉटसनव्हिलच्या नर्सरीतून फोन आला. तुझा गुलाब त्यांनी नाकारला. ही बातमी आधी तुलाच सांगायला हवी ना? म्हणून लिहितेय.

नर्सरीच्या कॅरलबाई फार हळुवारपणे बोलत होत्या. ट्रायलमध्ये झाड निरोगी राहिलं, पानांवर रोगाचा एक डाग नाही. पण फूल मान टाकतं, देठाला ते पेलवत नाही, आणि असं रोप लोक विकत घेत नाहीत. "वास मात्र मी विसरणार नाही," असंही म्हणाल्या.

डॉट-कॉम कंपन्या बुडाल्या तेव्हा तुझी नोकरी गेली आणि सांता क्लाराच्या या घरामागे तू गुलाबांचं खूळ घेऊन बसलास. औषध न मारता टिकणारी, सतत फुलणारी गुलाबाची झुडपं इथे जागोजागी असतात, पण त्यांना वास नसतो. तुला तसंच चिवट, पण वासाचं झुडूप हवं होतं. पुन्हा नोकरी लागली तरी खूळ काही गेलं नाही! ऑफिसला जाण्याआधी एका फुलाचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्याचे पराग ब्रशने त्यावर लावायचे. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी, रुजण्याआधी थंडी मिळावी म्हणून ठेवलेल्या गुलाबाच्या बिया. किती भांडले मी त्यावरून!

आणि किती निर्दयी होतास रे! रोपाला पहिलं फूल आलं आणि वास नसला, की ते उपटलंच.

"अरे, एवढं गोड दिसतंय, राहू दे ना."

"गोड दिसणारे दुकानात ढिगानं मिळतात."

मग केमो सुरू झाली आणि तुला कसलाच वास येईना. चहाचा नाही, साबणाचा नाही, आपल्या ईशाच्या केसांचा नाही. नेमक्या त्याच वसंतात नवी रोपं पहिल्यांदा फुलत होती. खुर्चीत बसून तू एक फूल नाकाशी धरलंस, मग दुसरं. मग दोन्ही फुलं खाली ठेवलीस. इतकं हरलेलं तुला मी कधी पाहिलं नव्हतं, नोकरी गेली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणालास, "वास तू घे. आणि मला सांग."

मी वाकून वास घेतला. "गुलाबाचा आहे."

"अनघा, ही काय माहिती झाली? नीट सांग!"

नीट म्हणजे कसं? माझ्याकडे शब्दच नव्हते. मग रोज सकाळी आपण वाफ्यापाशी बसायला लागलो आणि हळूहळू मला जमायला लागलं. हे लिंबाच्या सालीसारखं, हे पेरूसारखं, हे नुसतं पाणी. तू डोळे मिटून ऐकायचास. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझं बोलणं एवढं लक्ष देऊन कधी ऐकलं होतंस का? खरं सांग!

एकदा कोपऱ्यातलं जर्दाळूच्या रंगाचं फूल उमललं. "आधी चहाची कोरडी पत्ती," मी म्हटलं, "मग पिकलेलं पीच. आणि अगदी शेवटी लवंग."

तू डोळे उघडलेस. "ऊन चढल्यावर पुन्हा घे."

ऊन चढल्यावरही तेच. मग माझं उत्तर लपवून तू ईशाला बोलावलंस. लेकीनं नाक खुपसलं. "इट्स लाइक टी, बाबा. अँड समथिंग स्पायसी."

काय हसलास तू! तुला स्वतःला तो वास कधीच आला नाही. माझ्या शब्दावर तू ते रोप ठेवलंस. त्याची कलमं नर्सरीत तूच पाठवलीस, निकालाला मात्र थांबला नाहीस. एवढी कसली घाई होती रे?

फोन ठेवून मी अंगणात गेले. फूल खरंच खाली वाकलं होतं. तुझ्या नियमानं नापास झालेलं झाड उपटायला हवं, म्हणून कुदळही घेतली होती. ती बाजूला ठेवली. विक्रीला ते चालणार नसेल, पण बी धरायला काय हरकत आहे? ताठ देठाचा जोडीदार शोधला तर?

कॅरलबाईंना उलट फोन करून विचारलं. पराग कसे घ्यायचे ते शिकवायला त्या रविवारी येताहेत.

तू कदाचित हे मान्य केलं नसतंस. पण आता या वाफ्यात काय राहील आणि काय जाईल, ते मी ठरवणार. हे झाड राहील, मिलिंद. आणि त्याचा वास पुढच्या रोपांमध्ये उतरेपर्यंत मी थांबणार नाही, हा माझा शब्द.

तुझीच,
अनघा