जुन्या रोमची फेरी, मार्गे धुळे

१२ एप्रिल १९३६, जळगाव.
निश्चय पक्का. रोमला जायचं. जिनिंग प्रेसमधली हेडक्लार्की जन्मभर आहेच. जळगावात कापूस पाहिलेली माणसं पोत्यानं मिळतील, रोम पाहिलेला एक नाही. गाइडबुकातलं 'जुन्या वस्त्यांतून घोडागाडीची फेरी' हे प्रकरण तोंडपाठ केलं. परत आल्यावर वाचनालयात व्याख्यान. अध्यक्ष कोण, ते मी ठरवणार.
कुटुंबानं, म्हणजे झुंबरनं, पाटल्या मोडायला काढून दिल्या. मी तिला समजावलं की हातात पाटल्या असलेल्या बायका ढीगभर, नवरा रोमला गेलेली एकटी तूच. ती म्हणाली, आखाजीचा सण झाल्यावर जा ना. बोट आखाजीसाठी थांबत नसते, हे असोद्याच्या मुलीला कळणं अवघड आहे.

१८ एप्रिल, जळगाव स्टेशन.
निरोप समारंभ. हार ठीक होते. सासरे लोटनआबा केळीचा घड घेऊन आले. युरोपला घड नेतात का? मेव्हणा चिंधा वाजंत्री आणणार होता, त्यानं एक सनईवाला आणला. परत येताना बँड पाहिजे, असं त्याला स्पष्ट सांगून ठेवलं आहे.
गाडी हलली तेव्हा झुंबर खिडकीबरोबर धावली आणि मोठ्यानं म्हणाली, "बोटीत मयमय झाली तं लिंबू चोखजा!" चारचौघांत. फर्स्ट क्लासचे लोकही बघत होते.

२१ एप्रिल, मुंबई.
समुद्र पाहिला. बराच आहे.

२२ एप्रिल, मुंबई.
बोटीवर चढलो. ट्रंक केबिनमध्ये ठेवली. डेकवरून खाली पाहिलं, तर बोट आणि धक्का यांच्यामधल्या फटीत काळं पाणी वरखाली होत होतं. भीती वगैरे काही नाही. फक्त लिंबू घ्यायचं राहिलं, हे आठवलं. आणायला उतरलो. पहिल्या दुकानातली लिंबं वाळकी होती. दुसऱ्या दुकानात चांगली मिळाली, पण ते लांब होतं. परत येतो तो बोट सुटलेली. भोंगा मी ऐकला होता, पण तो आपल्याच बोटीचा कशावरून?
दोष सर्वस्वी कुटुंबाचा. तिनं लिंबाचं नाव काढलं नसतं तर या घटकेला मी एडनच्या वाटेवर असतो.

२५ एप्रिल, धुळे.
इथं मला कोणी ओळखत नाही, हा या गावाचा मोठा गुण. मुख्तार टांगेवाल्याच्या तबेल्यावरची खोली घेतली. प्रोग्राम असा: रोमला जाऊन यायला जेवढे दिवस लागले असते तेवढे इथं काढायचे, रोमचा कसून अभ्यास करायचा, श्रावणात घरी. प्रत्यक्ष गेलेला माणूस धावपळीत काहीच धड बघत नाही. शांतपणे बसून पाहिलेलं रोम जास्त अचूक. आजपासून दाढी वाढवणे.

१ मे, धुळे.
मुख्तारचा टांगा घेऊन फेरीची तालीम केली. पांझरा नदी ती टायबर. पाणी नाही, पण उन्हाळ्यात टायबरलाही नसेल. पलीकडची मोगलाई ती ट्रास्टेव्हेरे. गाइडबुकात या नावाचा अर्थच नदीपलीकडची वस्ती असा दिलाय, म्हणजे मी मुळापासून बरोबर आहे.
अडचण पेठेत. जुन्या रोमच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, आणि धुळ्याच्या गल्ल्या कुणी पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ, वर त्यांना नंबर. म्हणून गल्ली नंबर चारमधून टांगा नागमोडी हाकायला सांगितला. एका भाजीवालीची टोपली चाकाखाली गेली. तिची मी इंग्रजीत माफी मागितली. समाधान झालेलं दिसलं नाही.

७ मे, धुळे.
भयंकर! पेपरात बातमी आहे. आमची बोट वादळात सापडली, जीव वाचवायच्या होड्यांपैकी एक उलटली, काही उतारू बेपत्ता. नावं दिली आहेत. त्यांत कौतिक सुकदेव चौधरी, जळगाव. म्हणजे मी.
पाण्याचा भरवसा नाही, हे मी धक्क्यावरच ओळखलं होतं. या दूरदृष्टीला कोणी तरी दाद द्यायला हवी. पण सांगणार कुणाला?
उद्या पहिल्या गाडीनं जळगाव. झुंबर रडत असेल. काय वाटेल ते झालं तरी जायचंच.

८ मे.
गाडी चुकली.

९ मे.
आज शनिवार.

१० मे.
सगळ्या बाजूंनी विचार केला. आता गेलो की पहिला प्रश्न: बोटीवर नव्हतास तर होतास कुठं? एका लिंबापायी एवढं नाव घालवायचं? त्यापेक्षा असं: मला लाटांनी वाहून नेलं, इटालियन कोळ्यांनी वाचवलं, त्यांनीच रोमला नेऊन सोडलं. म्हणजे रोमही झालं आणि मरणाच्या दारातून परत येणंही झालं. एका तिकिटात दोन्ही.
कुटुंबाला थोडे दिवस त्रास होईल, कबूल. पण पुढं आनंद किती! आनंद मोठा हवा तर आधी दुःखही पोटभर झालेलं बरं.

२१ मे, धुळे.
वाचनालयात माझी शोकसभा झाली. सगळी हकीकत छापून आली आहे. 'अभ्यासू, निगर्वी, मितभाषी.' निगर्वी हे विशेष खरं आहे. इतक्या लोकांना माझे गुण ठाऊक होते, मग जिवंतपणी तोंडाला कुलूप का होतं?
प्रेत नसल्यामुळं पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, डोक्याच्या जागी नारळ. नारळ चिंधानं आणला म्हणे. कसला आणला असेल देव जाणे, त्याला बाजारात कोणीही फसवतं.
शेवटी लिहिलंय की बायका झुंबरच्या बांगड्या फोडायला आल्या तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले आणि 'ते येतील, त्यायनं सांगेल हाये' असं म्हणत राहिली. मग चौघींनी धरून फोडल्या. वाचून फार बरं वाटलं. तिची माझ्यावर एवढी माया असेल असं कधी वाटलं नव्हतं. कात्रण कापून ठेवलं.

१४ जून, धुळे.
फेरीची कीर्ती वाढते आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं 'रोमवाला टांगा कोनता?' असं विचारत येतात. मुख्तार त्यांचं भाडं घेतो, मी पुढं त्याच्याशेजारी बसून रोम दाखवतो. लोक सारखे हसत असतात. आनंदी समाज. फक्त एकवीरादेवीच्या देवळापुढं 'हे पोपचं राहणं' असं म्हणालो तेव्हा ओटी भरायला आलेल्या एका बाईनं करवंटी फेकून मारली. रोममध्येही धर्माच्या बाबतीत लोक हळवेच आहेत.
मुख्तार म्हणतो, "साहेब, लोके तुमले याडं समजतस." अडाणी माणूस. त्याचं भाडं कुणामुळं वाढलं, हे सोयिस्कर विसरतो.

११ जुलै, धुळे.
थोडक्यात बचावलो! स्टेशनवर सवारी घेतली, बघतो तर मेव्हणा चिंधा! बरोबर एक बाई. पांढरं लुगडं, हात मोकळे, पदर पार हनुवटीखाली ओढलेला. चिंधाची यावलची मावशी असावी, ती विधवा आहे. मी झटकन तोंड फिरवलं, दाढीवर मफलर गुंडाळला. सुदैवानं मी पुढं आणि ती दोघं मागं, पाठीला पाठ. टांगा अशा रीतीनं बनवणाऱ्याचे आभार मानावे तेवढे थोडे.
गप्प बसायचं असं ठरवलं होतं. चिंधाला गाडीच्या प्रवासानं गुंगी आली होती, तो बसल्याबसल्या घोरायला लागला. मग पुलावर आल्यावर मला राहवेना. आवाज जरा जाड काढून टायबर सांगितली, ट्रास्टेव्हेरे सांगितलं, जुन्या घरांच्या कमानी, गल्लीतून गल्लीत वाळत टाकलेले कपडे, सगळं सांगितलं. मावशी ताठ बसून ऐकत होती. मध्येच तिचं अंग थरथरायला लागलं. बाक एकच, त्यामुळं मला पाठीत कळत होतं. माझ्या शब्दांचा इतका परिणाम आजवर कोणावर झाला नव्हता.
उतरल्यावरही ती पदराआडून टांग्याकडं बघत उभी राहिली. चिंधानं हाका मारल्या तरी हलेना. बक्षीस मात्र काही दिलं नाही.
मुख्तारला सगळी बातमी असते. तो म्हणतो, तेलवाले हिलालशेठ, ज्यांची बायको गेल्या साली वारली, त्यांना पाट लावायचाय, म्हणून ही विधवा दाखवायला आणली. मावशीला या वयात दुसरं लग्न! आमच्या जातीत पाट चालतो हे खरं, पण काही वयाचा विचार? चिंधाच्या घराण्यात रीत म्हणून उरली नाही.

८ ऑगस्ट, असोदा.
परतलो. आधी चाळीसगावला जाऊन तिथून मुंबईची मेल पकडली, म्हणजे योग्य दिशेनं आलो. जळगाव स्टेशनवर बँड नाही. मी कळवलं नव्हतं, पण अंदाज यायला काय हरकत होती? घराला कुलूप. झुंबर माहेरी आहे असं शेजारणीनं दाराच्या फटीतून सांगितलं आणि फट बंद केली.
असोद्याला आलो. लोटनआबांनी मला नखशिखान्त पाहिलं, चिमटा काढून पाहिला, आणि ओट्यावर चढू दिलं नाही. जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी पोथी उघडून सांगितलं की ज्याची क्रिया झाली तो परत आला, तर त्याला नव्यानं जन्म घ्यावा लागतो. मग पुन्हा बारसं, आणि पुन्हा लग्न, त्याच बायकोशी, तिची इच्छा असेल तर. शेवटचं कलम अर्थात औपचारिक आहे.
झुंबर बाहेर आली नाही. आनंदानं चक्कर आली असेल.

१० ऑगस्ट, असोदा.
जन्मलो. शास्त्राप्रमाणं तुपानं भरलेलं पिंप हवं, पण इथं पाण्यात चमचाभर तूप टाकून भागवलं. बसवलं, बाहेर ओढलं, दुपट्यात गुंडाळलं. दुपटं अपुरं पडलं. अर्धं असोदं बघायला जमलं होतं. बारशात माझं नाव वना ठेवलं. मी हरकत घेतली, तर जोशीबुवा म्हणाले, तान्ह्यानं बोलू नये. कोळ्यांची आणि रोमची हकीकत काढली, तेव्हाही तेच. पुढं व्याख्यानात सविस्तर सांगेन.
उद्या लग्न. नवा फेटा मागून घेतला आहे.

११ ऑगस्ट, असोदा.
पंच बसले. झुंबर आली. डोक्यावर पदर, तोंड उघडं. वाळली आहे. लोटनआबांनी विचारलं, "बाई, याच्यासंगे लगन लावते का?"
ती म्हणाली, "आबा, ज्याच्यासाठी मी रडली तो मानूस चांगला व्हता. तो पान्यात बुडाला. याले मी धुयाले टांग्यात आयकलं. माहे हात उघडे व्हते आन् हा मले रोम सांगू राह्यला व्हता."
मी लगेच खुलासा केला की त्या तारखेला मी रोममध्ये होतो, आणि रोमच्या गाइडांचे आवाज एकासारखे एक असतात. चिंधा हसला. मग पंच हसले. जोशीबुवासुद्धा. ती हसली नाही.
ती म्हणाली, "मले हिलालशेठच्या घरी द्या." आणि आत गेली.
लोटनआबांनी फेटा परत मागितला.

३ सप्टेंबर, धुळे.
जिनिंग प्रेसमध्ये माझ्या जागी दुसरा घेतला आहे. मॅनेजर म्हणतात, मयताची जागा रिकामी ठेवत नाहीत. वाचनालयानं व्याख्यानाबद्दल उत्तर दिलं नाही. तेव्हा तूर्त पूर्वीचीच खोली.
रिझोल्यूशन: शांत राहायचं. तिचा राग फार दिवस टिकत नाही. ती परत यायला तयार झाली की मी मोठ्या मनानं क्षमा करणार. काय बोलायचं तेही लिहून ठेवलं.

३० सप्टेंबर, धुळे.
आज हिलालशेठचा पाट लागला. मुख्तारनं टांगा धुऊन घोड्याला गोंडे बांधले. मला अंगात कणकण वाटत होती म्हणून खाली गेलो नाही.

१२ नोव्हेंबर, धुळे.
हिलालशेठकडची सवारी होती. त्यांची मंडळी दिवाळीला माहेरी निघालेली. मुख्तार म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या साहेब, खाले उतरा." मी उतरलो नाही. उलट ठरवलं की हीच संधी, पुलापर्यंत सगळं बोलून टाकायचं.
ती मागं बसली. बांगड्यांचा आवाज येत होता. नव्या आहेत. सकाळपासून घोकलेलं काही तोंडातून बाहेर येईना. पूल आला तेव्हा जे पाठ होतं तेच आलं. म्हणालो, ही टायबर नदी.
मागून ती म्हणाली, "भाऊ, गप बसा ना जरा. माहं डोकं दुखू राह्यलं."
मला भाऊ म्हणाली. रागानं नाही. कोणाही टांगेवाल्याला म्हणतात तसं.
स्टेशन आलं. तिचं बोचकं उतरवून दिलं.