मेजर पलूसला गेला त्याची हकिकत

रहिमतपूर, ता. १२ फेब्रुवारी १९४७

रा. रा. आप्पासो दाजी यांस, मेहुणा मानसिंग याचा आधी कडक सलाम आणि मग वाकून नमस्कार. चंद्राक्काचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला मी दिलेल्या लष्करी मलमानं थांबला असेल. (ते पायाच्या भेगांचं होतं, हे मागाहून आठवलं. पण तुम्ही छातीलाच चोळलंत म्हणे, तेव्हा काळजी नसावी.)

दाजी, पलूसचं स्थळ तुम्ही मला न विचारता काढलंत म्हणून मी चिडलो होतो. नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत लग्न करायचं नाही, हे मी पलटणीतून सुटून आलो त्याच दिवशी ठरवलं, आणि ठरवलेलं मी मोडत नाही. रोज सकाळी सहाला मेजरला फिरवायचं, हेही तसंच ठरलेलं. (मेजर म्हणजे आमच्या साहेबानं विलायतेला जाताना मला दिलेलं कुत्रं. हवालदारानं मेजरला दोरीनं ओढायचं, म्हणजे पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं व्हायचं.)

गेल्या शनिवारी स्टेशनच्या वाटेवर एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. नुकत्याच गाडीतून उतरलेल्या, डोईवर गाठोडं, पायांत पुरुषी वहाणा. मेजरला गाठोड्याचा वास आला आणि त्यानं रस्त्यातच बसकण मारली. बाईंनी गाठोडं सोडून त्याला अर्धी भाकरी घातली आणि मला विचारलं, इथला मानसिंग हवालदार माणूस कसा आहे? त्या पलूसच्या तानुबाई, भाचीसाठी चौकशीला आल्या होत्या.

म्हटलं, आयतं सापडलं. मी सांगितलं, लय तऱ्हेवाईक माणूस. झोपेत ‘हॉल्ट’ ओरडतो, शेजारची म्हैस घाबरून पान्हा चोरते. बादलीभर चहा पितो. पोरीचं वाटोळं करू नका.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भाचीबद्दल बोलू लागल्या. तिचं नाव बयाबाई. बाजारात वळू उधळला तेव्हा सगळे गडी देवळात शिरून दार लावून बसले, आणि ही मूठभर गूळ दाखवत त्याला गोठ्यापर्यंत घेऊन गेली. एका मुलाला तिनं नाकारलं, का तर त्यानं तिच्यादेखत बैलाला उगाच मारलं.

दाजी, इटलीत तोफा ऐकल्या, पण छातीत असं कधी धडधडलं नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, “तसा मनानं चांगला हाय तो.”

“नगं रं बाबा,” त्या म्हणाल्या. “तू खरं सांगितलंस, लय उपकार झालं.”

त्या स्टेशनकडं वळल्या. मेजरनं दोरी हिसडली आणि त्यांच्यामागं धूम ठोकली. मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, आणि मेजर बाईंच्या शेजारी बसून खिडकीतून माझ्याकडं बघत होता.

चार दिवस विचार केला. विहिरीच्या पाण्याचं काही सांगता येत नाही. तेव्हा निश्चय जरा सुधारून घेतलाय. लग्न करायचं, आणि बयाबाईशीच. यात आता बदल नाही.

आपला,
मानसिंग

ता. क. — तुम्ही तातडीनं पलूसला जा आणि वाटेवरचा तो माणूस खोटारडा होता, असं सांगा. कोण होता विचारलं, तर माहीत नाही म्हणा.

आणखी ता. क. — पत्र टाकायला निघालो, तोच पलूसचं कार्ड आलं. पत्ता माझ्याच नावाचा. (मेजरच्या पट्ट्यावर माझं नाव कोरलंय, हे मी विसरलोच होतो.) तानुबाईंनी लिहवून घेतलंय, ‘कुत्रं खुशाल हाय, बयाच्या मागंमागं फिरतंय. रविवारी न्यायला या. बया म्हणती, स्वतःची एवढी निंदा करणारा माणूस तिनं अजून बघितला न्हाई, तवा एकदा बघायचाय.’ तर दाजी, खुलासा करायला जाऊ नका, रविवारी फक्त माझ्यासोबत चला. मी एकटा गेलो, तर नुसतं कुत्रं घेऊन परत येईन.