वेदनेचा रकाना

सोमवार, ३ तारीख
पदरात पडली एकदाची नोकरी! प्रयोगशाळा लख्ख, खिडकीबाहेर झाड, टेबलाला चक्क कुलपाचा खण. काम सोपं. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांची रोज नोंद करायची: ताप, भूक, जखम, वेदना. ताईला फोन केला तर म्हणते, तुझी बडबड ऐकायला आता कुत्रीच मिळाली म्हणायची. पिंजऱ्यांची खोली मात्र किती शांत! अठरा कुत्री, एक भुंकेल तर शपथ. गुणी लेकरं.

बुधवार, ५
कसली गुणी! सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, कुत्रं आणलं की आधी त्याच्या गळ्यातले आवाजाचे तंतू कापतात, गोंगाट नको म्हणून. चौदा नंबरची कुत्री पोटाच्या टाक्यांवर थरथरत होती, तोंड वासून. आवाज शून्य. वेदनेच्या रकान्यात मी 'आहे' लिहिलं. नियम आहे, तीन दिवस लागोपाठ 'आहे' आलं की जनावर प्रयोगातून मोकळं. मग तिला मी घरी नेणार, ठरलं.

गुरुवार, ६
कालच्या नोंदीत 'नाही'! तेही माझ्याच अक्षरात! तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, ती ओरडली का? नाही ना? मग वेदना नाही. अहो, गळा तुम्हीच कापलात की तिचा! तर म्हणे, याच टाक्यांनी उद्या माणसं वाचतील. वाचतील हो. माझ्या ताईचं पोटही असंच शिवलंय, मला ठाऊक आहे. पण म्हणून खरं लिहायला काय धाड भरलीय?
पेन रुतवून पुन्हा 'आहे' लिहिलं.

शुक्रवार, ७
पुन्हा 'नाही'. माझंच अक्षर. डोकं फोडून घ्यावंसं वाटतंय. भांडून भांडून घसाही बसला.

सोमवार, १०
चौदाला उद्या परत शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणार. मावशींना हाका मारल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ताईला फोन केला. ती नुसती हॅलो, हॅलो करत राहिली आणि वैतागून तिने फोन ठेवला. मी बोलत होते. घसा खरवडून बोलत होते —

मंगळवार
डॉक्टर म्हणाले, घसा दाखवा. मी नको म्हटलं. नको, नको — त्यांना ऐकूच —

बहुतेक बुधवार
मानेला टाके. शेजारी चौदा. दोघींची तोंडं उघडी.
नोंदवही माझ्याच मांडीवर ठेवलीय. माझा रकाना मीच भरायचा म्हणे. भरते ना! आवाज गेला, हात तर माझा आहे. 'आहे' लिहिते. ठसठशीत लिहिते —
वेदना: ना