धाकटीची अंतराळयानं

आई, तुला हे कसं समजावून सांगू कळत नाही, म्हणून सरळच सांगते. तुझ्या दोन्ही मुली या वयात अंतराळयानं विकत घेतात. खोटी यानं, खोट्या आकाशात, कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. पैसे मात्र थोडे खरे. तू गेलीस तेव्हा आपल्या घरी साधा फोनही नव्हता. आता धाकटी भिलाईला, मी इथे जबलपुरातच, आणि रोज संध्याकाळी हेडफोन लावून आम्ही दोघी या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर पोचवतो. तिच्या मुलीनं आम्हाला हे वेड लावलं आणि स्वतः नोकरीला लागून मोकळी झाली. हसायचं तर हस, पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. मी धाकटीवर जळते. अगदी हातपाय आपटावेसे वाटतात, इतकी जळते.

या खेळात अधूनमधून सेल लागतो. नवी, चकचकीत यानं किंमत कमी करून मांडतात आणि सगळे धावत सुटतात. मीही धावते. धाकटी मात्र पहिल्या दिवशी दुकानाकडे फिरकतसुद्धा नाही. नवं घ्यायचं म्हणून लोक त्याच दिवसांत आपली जुनी, चांगली यानं विकायला काढतात. ही त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. "भैया, रंग तो ठीक है, पर माल कितना आएगा इसमें?" मग थोडं थांबून, "अच्छा, रहने दो," म्हणून चालायला लागते. समोरचा हमखास मागून हाक मारतो. माझ्याहून निम्म्या किमतीत हिच्याकडे दुप्पट माल मावणारं यान येतं. आमच्या गटातले सगळे आता काहीही घेण्याआधी तिला विचारतात, "दीदी, ले लूँ क्या?" मी मोठी, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण मला विचारायचं कोणाला सुचत नाही. आणि ती वर मला म्हणते, "ताई, तू शांत बस, मी बोलून राहिली ना."

एकदा न राहवून विचारलंच, हे सगळं शिकलीस कुठे? ती सहज म्हणाली, "आईकडून. मटार आणायला जायचो ना आम्ही."

आम्ही. त्या 'आम्ही'त मी नव्हते. इथल्याच खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरमधली ती हिवाळ्यातली संध्याकाळ मला अजून दिसते. बाबा फॅक्टरीतून यायचे आहेत. बाजारात पनागर गावच्या बायका मटारचे ढीग लावून बसल्या आहेत आणि त्यांना परतीची बस पकडायची आहे, उरलेला माल त्या स्वस्तात देतील, म्हणून तू मुद्दाम उशिरा निघतेस. मी चपला घालून दारात उभी आहे. तू म्हणतेस, "तू घरी राह्य. कुकरकडे पाह्य. ही येते माझ्यासंग." मग मी कुकरसमोर बसते. तुम्ही दोघी परत येता त्या कशावर तरी हसत, धाकटीच्या तोंडात कच्चे मटार. काय झालं विचारलं तर म्हणता, काही नाही. सोलायला मात्र मी. मला वाटायचं, मी समजूतदार, म्हणून घर माझ्या भरवशावर सोडतेस. एवढ्यावर मी इतकी वर्षं समाधान मानून होते, आई.

या दिवाळीच्या सेलमध्ये पहिल्याच तासात मी एक लांबसडक निळं यान घेऊन टाकलं आणि आनंदानं तिला सांगितलं. ती एकदम कडाडली, "काहून घेतलं लगेच? वस्तू आवडली म्हणून कोणी इतकं खुश होते का? समोरच्याले समजते ना बाई, मग तो भाव सोडते का? ठेव ते खाली!"

पडद्यावरचं यान कोणी खाली ठेवत नाही. पण तो आवाज तिचा नव्हता, तुझा होता. मग हळूच म्हणाली, "आई मले असंच म्हणे बाजारात. आणि तुले काहून नेत नव्हती माहीत आहे? दारावर भाजीवाली आली की तू तिच्याच बाजूनं बोलत होतीस म्हणे. इतक्या दुरून येते बिचारी, देऊन टाक ना आई."

तिनं हे माझं मन राखायला सांगितलं. मी मेली आणखीच जळाले. माझ्याविषयी तुला एवढं ठाऊक होतं आणि ते तू तिला सांगितलंस, रस्त्यानं चालता चालता, मटार खात. मला का नाही? मला एकदा तरी न्यायचं होतंस. मी नको तिथे बोलले असते, तू चारचौघांत मला झापलं असतंस, आणि ते झापणं तरी माझं एकटीचं म्हणून माझ्याजवळ राहिलं असतं.

हे पत्र कुठे जायचं नाही, आणि धाकटीला तर मी दाखवणारच नाही. कारण काल पुन्हा सेल लागला. ज्याची मला काडीची गरज नव्हती असं एक यान मी सांगितल्या भावात, लगेच घेतलं. मग धाकटीला फार खुशीत ते सांगितलं, हेडफोनचा आवाज वाढवला, आणि ती रागावायची वाट पाहत बसले.