आत्याबाईंच्या सासरचा तुकाराम

बुध. १२ जून
भाऊजी तहसीलातून थेट इकडे, सावेडीला. नोंद सापडली! दिवाळीपासून दोघे भाऊ जुनी मोडी दप्तरं उपसताहेत, मोबाईलवर काही निघत नाही. 'तुकाराम, जात कुणबी.' ह्यांच्या पणजोबांचं नाव तुकारामच. दाखला मिळाला तर वैष्णवीचा सरकारी नर्सिंगला नंबर लागेल. खाजगी झेपणारं नाही. महिनाअखेरीच्या आत हवा. पोरीने काकाच्या पायावर डोकं ठेवलं.

शुक्र. १४ जून
वंशावळ लिहायला बसलो तेव्हा नोंद नीट वाचली. तुकारामाच्या नावापुढे जमीन, चिंचेचा मळा. तो आमचा कधीच नव्हता. ह्यांच्या आत्याबाईंच्या सासरचा. गाव एक, आडनाव एक, पण देवक वेगळं, म्हणून तर त्या घराशी सोयरीक झाली.
भाऊजींना म्हटलं, हा तुकाराम त्यांचा.
"वैनी, तहसीलदार काय मळा बघायला येतोय?"
"मग आत्याबाईंना भावकीतच दिली असं लिहून द्यायचं?"
"कागदावरच की. परत मांडव थोडाच घालायचाय?"
ह्यांनी पेनाचं टोपण लावलं. 'हा तुकाराम आमचाच' ह्या प्रतिज्ञापत्रावर सही ह्यांची.

रवि. १६ जून
एकटीच सोनईला, आत्याबाईंकडे. एस.टी. अर्धं तिकीट. ह्यांना सुप्याला कंपनीत ओव्हरटाइम. आत्याबाई मटकी निवडत होत्या.
"व्हय, मळा आमचाच. त्यो तुकाराम माझ्या सासऱ्याचा आजा."
सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "लग्नात बाया म्हनायच्या, हिचं आडनाव जाग्यावरच ऱ्हायलं. आता तू म्हनती, म्या भावाच्याच घरात नांदले?"
मग हसू गेलं. हात मटकीत तसाच.
"लेक मेली की माहेरी सुतक तीन दिस, भावकीत धा. म्या मेल्यावर तुमी तीन धरनार का धा?"
निघताना कुंकू लावलं, "पोरीचं बघ" म्हणाल्या. सही करा म्हणाल्या की करू नका, ते काही...

मंगळ. १८ जून, एकादशी
उपास. जपात लक्ष नाही. भाऊजींना म्हटलं, आपला तुकाराम शोधा ना.
"कुठं शोधू? आपल्या बाजूची पानं वाळवीनं खाल्ली. तुमच्या विठोबाला विचारा, त्याच्याकडं एखादी सीट आहे का."
ह्यांनी त्यांना गप्प केलं. पण सही करणार नाही, असंही म्हणाले नाहीत.
वै. जेवली नाही. "आई, पुढे खोटं निघालं तर कामावरून काढतात ना?" थोड्या वेळाने, "आणि कागद दिलाच नाही तर?"
भाजी निवडत राहिले.

बुध. १९ जून
प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं. ह्यांनी आंघोळ करून ते देव्हाऱ्यात पूर्वजांच्या टाकांपुढे ठेवलं. मला म्हणाले, "मला काही सुचत नाही. तू टाकांना हात लावून 'कर' म्हण, मी सही करतो. नको म्हणालीस तर फाडतो."
वै. दारात, ओल्या केसांनी. भाऊजी खाली गाडीवर, हॉर्न देताहेत.
हात धुऊन येते म्हटलं आणि मोरीत आले. फळीवर वही ठेवून हे लिहितेय. नळ सोडून ठेवलाय, बाहेर वाटावं मी धुतेच आहे. बादली भरून पाणी वाहायला लागलं. आयुष्यात असं पाणी कधी वाया
हाक मारताहेत.