स्क्रीनवरची हिरवी रेघ

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या कोर्ससाठी लॅपटॉप घ्यायचाय. ह्यांनी दुकानात एक मॉडेल बघून ठेवलंय. पण ज्यांनी हे मॉडेल घेतलं ते नेटवर लिहितात, सहा महिन्यांत स्क्रीनवर हिरवी रेघ येते. मी ह्यांना वाचून दाखवलं.

"एक रेघच हाय ना? बाकीचं दिसतंय की!" म्हणाले, आन् दुकानदाराला फोन केला, उद्या नेतो म्हणून.

स्वतःच्या मोबाईलसाठी ह्यांनी दौंडातली सगळी दुकानं पालथी घातली होती. तवा साधा ओरखडा चालला नाही. माझ्यासाठी मात्र रेघ चालते.

कुरकुंभच्या औषध कंपनीत मी दिवसभर गोळ्या तपासते. बारीक ठिपका दिसला की गोळी बाजूला काढते. साहेबसुद्धा का म्हणून विचारत नाहीत.

उद्या पहिली शिफ्ट. तिथं तरी माझं 'नको' चालतं.